ट्रेलर आधी सोडव

सुहास,

तुझ्या अंत्यसंस्काराला आलेला प्रत्येक जण मला सांगून गेला की तू किती शांत माणूस होतास. मी मान हलवत राहिले. त्यांच्यापैकी कुणी तुला ट्रेलर जोडताना पाहिलं नव्हतं.

तुझ्या ऑफिसातला तो उंच म्हातारा साहेब आला होता. भूकंपानंतर ज्याच्याबरोबर तू ख्राइस्टचर्चभर हिंडलास आणि कुठली इमारत ठेवायची, कुठली पाडायची हे ठरवलंस, तोच. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "नेव्हर रेझ्ड हिज व्हॉइस, माधवी. नॉट वन्स."

मी "थँक यू" म्हणाले. मनात म्हणाले, आवाज घरी ठेवून यायचा तो. घरी लागायचा त्याला. ईशा माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी एकदमच खाली बघायला लागलो. हसू फुटलं असतं तर आवरलं नसतं. आपल्या मुलीला तुझ्या शवपेटीसमोर हसू दाबावं लागलं, हे तुला कळवावंसं वाटलं.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. जन्म, कॉलेज, नोकऱ्या, पुण्याहून इकडे कसा आलास, ते ईशा लिहून देईल. चांगला फोटोही तिच्याकडेच आहे. मी ट्रेलरचं लिहिते आहे. ते अंकात जाणार नाही. ते तुझ्यासाठी आहे.

रिटायर झाल्यावर अख्खा साउथ आयलंड निवांत हिंडायचा, हे तुझं स्वप्न. माझं नव्हतं, पण मला कुणी विचारलंही नव्हतं. लोक साधा कॅरॅव्हॅन घेतात, गाडीच्या मागच्या हुकला लावतात आणि निघतात. तुला तो खेळण्यातला वाटायचा. तुला फिफ्थ-व्हीलर हवा होता. त्याचं तोंड पायरीसारखं वर उचललेलं असतं. ते यूटच्या, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या, पाठीवर येतं आणि हौद्यात बसवलेल्या लोखंडी जबड्यात त्याची जाड खुंटी अडकते. वरच्या पायरीवर झोपायची खोली, खाली स्वयंपाकघर, संडास, सोफा. जेराल्डिनजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडून तू तो घेतलास. दारात आणून उभा केलास तेव्हा समोरच्या घरावर त्याची सावली पडली. तुझा चेहरा असा होता की क्षणभर मलाही बरं वाटलं. तेवढं तरी खरं लिहायला हवं.

यूट आपल्याकडे होतीच. तुझी लाडकी. माहितीपत्रकात लिहिलं होतं, ती साडेतीन टन ओढते. ट्रेलर भरल्यावर सव्वातीनच्या आसपास. तू चहा पिता पिता म्हणालास, "बसतं. वर पाव टन शिल्लक राहतं. संपला विषय."

विषय ईशाने काढला. ती त्या आठवड्यात ऑकलंडहून आली होती. पेनरोजच्या डेपोत कुठल्या ट्रकवर किती माल चढवायचा, हेच तिचं काम. तिने ट्रेलरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "बाबा, साडेतीन इज वॉट इट पुल्स. नॉट वॉट इट कॅरीज."

तू हसलास. तिने पुन्हा सांगितलं. हा ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, त्याच्या पुढच्या भागाचं वजन यूटच्या पाठीवर बसतं. सहाशे किलो तरी असेल. त्यात तो लोखंडी जबडा, तुम्ही दोघं, तुझं सामान. आणि साडेतीन टन हा आकडा यूट जवळजवळ रिकामी असतानाचा असतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. मला हे पहिल्या झटक्यात कळलं, सुहास, आणि मी लॅबमध्ये रक्त तपासण्यात जन्म घालवलेली बाई आहे. तुला न कळायला काय झालं होतं? तीस वर्षं लोकांच्या इमारतींवर किती भार चढलाय ते सांगत होतास.

"तू खोकी मोजतेस ईशा," तू म्हणालास. "मी बिल्डिंगा उभ्या करतो."

"ओके, बाबा," ती म्हणाली. तिचं ओके तुला कधी ऐकूच आलं नाही. तिने दुसऱ्याच दिवशी तिकीट बदललं आणि परत गेली. माझी मुलगी सुट्टीचे चार दिवस टाकून गेली आणि तू गॅरेजमध्ये जबड्याला ग्रीस लावत शीळ घालत होतास.

तरी तुझ्या मनात किडा वळवळलाच. म्हणून आपण वजनकाट्यावर गेलो. काट्यावरचा माणूस खिडकीतून बघत होता. आकडा आला. यूटच्या मागच्या ॲक्सलवर हवं त्यापेक्षा बरंच जास्त वजन होतं. तू खाली उतरलास, माझ्या बाजूला आलास आणि मोठ्याने विचारलंस, "तुझं वजन किती आहे आत्ता? खरं सांग."

तो माणूस मराठी नव्हता, पण सूर कुठल्याही भाषेत कळतो. त्याने मान फिरवली. त्याच्या त्या मान फिरवण्याबद्दल मी त्याची अजून आभारी आहे.

मग घरी येऊन तू ट्रेलर रिकामा करायला घेतलास. शिलाई मशीन काढलंस. मिक्सर काढलास. कुकर, तांदळाचा डबा, माझ्या दोन रजया, कापडांची पेटी. जनरेटर राहिला. हत्यारांची पेटी राहिली. दुर्बीण आणि तिचा तो जड स्टँड राहिला. मी म्हणाले, "सगळं माझंच जड आहे का रे?" तू म्हणालास, "अनावश्यक जड आहे." तुझं भाषेवर केवढं प्रभुत्व होतं! वर्मी लागेल असा शब्द तुला कधी शोधावा लागला नाही.

इतकं काढूनही वजन जास्तच भरत होतं. पाण्याची टाकी रिकामी केलीस आणि म्हणालास, "आता चालतंय." चालत नव्हतं. तुलाही ठाऊक होतं.

पोर्टर्स पासचा घाट चढताना यूट रडत होती. पुढचं नाक वर उचलल्यासारखं, स्टिअरिंग हलकं. तू बोलत नव्हतास म्हणजे घाबरला होतास. जाताना निभावलं. परत येताना उतारावर ट्रेलरने आपल्याला मागून ढकलायला सुरुवात केली. ब्रेकचा जळका वास आत आला. तू गिअर खाली टाकत होतास, ब्रेक दाबत होतास, आणि पाय खोल खोल जात होता. मी डॅशबोर्डला हात लावून बसले होते. वळणावर कडेला रुंद जागा आली, तिथल्या मातीच्या उंचवट्यात तू गाडी घातलीस. हे सोपं नव्हतं. तेवढं ड्रायव्हिंग तुला येत होतं. गाडी तिरकी होऊन थांबली, चाकांतून धूर निघत होता, आणि आपण दोघं जिवंत होतो. मी तुझा हात धरला. तूही माझा धरलास. कितीतरी वर्षांनी इतका घट्ट.

त्या एका मिनिटावर मी पुढची सगळी वर्षं काढली असती, सुहास. पण मागून पोलिसाची गाडी आली.

तरुण पोलीस होता. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, मागचे टायर बघितले, ट्रेलरचं दार उघडून आत डोकावला. मग विचारलं, हे एवढं कुणी भरलं? आणि तू, माझा हात नुकताच सोडलेला तू, म्हणालास, "माय वाइफ डिड द पॅकिंग. आय टोल्ड हर."

तो माझ्याकडे वळून हसत म्हणाला, "गो ईझी ऑन द किचन स्टफ, ए?"

माझा कुकरसुद्धा त्या ट्रेलरमध्ये नव्हता. माझे तीन कुडते आणि एक टूथब्रश होता.

टो ट्रकवाला ट्रेलर घेऊन गेला, आपण रिकाम्या यूटमधून घरी आलो. दार लावल्यावर मी म्हणाले, "तू खोटं बोललास."

"एक वाक्य होतं. मिटवायचं होतं पटकन. तो माणूस आपल्याला परत कधी भेटणार आहे?"

"तो नाही. मी भेटणार आहे ना. रोज."

तू बूट काढत होतास. बूट काढून झाल्यावर नीट एकाशेजारी एक ठेवलेस. "माझं चुकलं" एवढं म्हणायला तुला बूट काढायला लागला त्याहून कमी वेळ लागला असता. मी वाट बघत उभी होते. तू विचारलंस, "जेवायला काय आहे?"

हे भांडण आपलं संपलेलं नाही. तू मध्येच उठून गेलास.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तू वेगळाच माणूस झालास, हेही लिहायला हवं, नाहीतर मी खोटी ठरेन. यूट विकलीस. ईशाला फोन करून, स्वतःहून, खुंटीवरचं वजन कसं काढायचं ते विचारलंस. ती बरोबर होती असं म्हणाला नाहीस, "जरा क्रॉस-चेक करतोय" म्हणालास. ट्रेलर काट्यावर नेऊन पुढचा भार वेगळा मोजून आणलास. मग एक अवाढव्य अमेरिकन पिकअप घेतलीस, जिच्या पाठीवर तेवढं वजन ठेवलं तरी ती इंचभर दबली नाही. शेजारी विचारायला आले तेव्हा म्हणालास, "जुनी यूट तशीही थकली होती." थकली होती! तिच्या पाठीवर हत्ती बसवलास आणि ती थकली होती.

गाडी आणि ट्रेलर मिळून वजन इतकं झालं की साधा परवाना पुरेना, ट्रकचा लागणार होता. तू परीक्षा दिलीस. मी म्हणाले, मीही देते. तू म्हणालास, "तुला कशाला? तू रस्ता बघ, मी चालवतो." मी रस्ता बघत बसले.

आणि एका दुपारी कामावरून आले तर तू ट्रेलरमध्ये गुडघ्यांवर बसला होतास. माझं शिलाई मशीन आत आणलं होतंस. चाकांच्या बरोबर वर येईल असं एक कपाट मोकळं करून, त्यात लाकडी कडा ठोकून, पट्ट्याने आवळून मशीन बसवत होतास. उतारावर सरकू नये म्हणून. घाम आला होता. दुर्बिणीचा स्टँड गॅरेजमध्ये परत गेलेला मी बघितला. मला कळलं की पोलिसाला जे बोललास त्याचं हे उत्तर आहे. मी दारात उभी राहून रडणार होते.

तू मान वर केलीस आणि म्हणालास, "आता वजन वाढवू नकोस. मशीनचं नाही, तुझं म्हणतोय."

असा होतास तू. एका हाताने द्यायचास आणि दुसऱ्याने चापट मारायचास, आणि बाहेरच्यांना फक्त खिशात घातलेले हात दिसायचे.

मग आपण निघालो. तळ्याकाठचे ते दिवस चांगले होते. सकाळी तू खाली चहा करायचास आणि पायरीवर उभा राहून कप वर माझ्या अंथरुणाशी सरकवायचास. मी पडदे शिवले. मला सुईत दोरा ओवता येत नव्हता, डोळे गेलेत आता, तू चष्मा कपाळावर चढवून ओवून द्यायचास. समोर पाणी, त्यापलीकडे डोंगरावर नुकताच पडलेला बर्फ. शेजारचं एक म्हातारं जोडपं आदल्या दिवशी निघून गेलं आणि अख्ख्या जागेत आपण दोघंच उरलो. फोनला रेंज नव्हती. तू म्हणालास, "बघ, किती शांत." आपण एका शब्दानेही न भांडता संपूर्ण संध्याकाळ काढली. मी ती कुठेतरी जपून ठेवणार आहे. आज तिच्याकडे बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. तू पिकअप मागे घेत ट्रेलर जोडलास, मी बाजूला उभी राहून हात दाखवत होते आणि तू ओरडत होतास, नेहमीसारखं. "डावीकडे म्हणजे माझं डावं! तुझं नाही!" जोडून झालं. तू पायरीवर बसलास. मला वाटलं, दमलास. तू छातीवर हात ठेवला होतास आणि तुझा रंग ओल्या सिमेंटसारखा झाला होता.

मी विचारलं नाही काय होतंय. इतकी वर्षं हॉस्पिटलात काढली आहेत. ॲस्पिरिन चघळायला दिली, तुला उठवलं, मागच्या सीटवर आडवं केलं. तू स्वतःच्या पायांनी चाललास, मी नुसता आधार दिला. दार लावून मी चालवायच्या सीटवर बसले. किल्ली फिरवली.

"कुठे निघालीस?" तू मागून म्हणालास.

"अशीच नेते. ट्रेलर जोडलेलाच राहू दे. वेळ नको घालवू."

"नाही. सोडव."

"सुहास, वेळ नाही आपल्याकडे."

"तो रस्ता बघितलास का? खडी आहे. अरुंद पूल आहे. तू कधी ओढला आहेस का हा? दोघांना नदीत घालशील. ट्रेलर आधी सोडव."

"मी हळू नेईन."

"माधवी, अक्कल असेल तर ऐक एकदा. सोडव!"

मी उतरले. तुला मरताना बघत होते आणि तरी तुझ्या शब्दावर उतरले, इतकी सवय झाली होती.

चाकांखाली ठोकळे घातले. तू खिडकीची काच खाली करून ओरडत होतास, श्वास पुरत नव्हता तरी. "पाय! आधी पाय खाली!" ट्रेलरचे पुढचे लोखंडी पाय. बटण दाबून धरलं, ते सावकाश, इतके सावकाश खाली आले की मी बटणाला शिव्या दिल्या. पाय जमिनीला टेकले, ट्रेलरने अंग उचललं. वायर काढली. ब्रेकची केबल काढली. हौद्याचं फळकूट खाली पाडलं. जबड्याचा दांडा ओढला. हलेना. दोन्ही हातांनी, पाय टेकवून ओढला. हलेना.

"खुंटीवर ताण आहे," तू म्हणालास. "गाडी जरा मागे घे. मागे! पुढे घेतलीस तर बघ." मी धावत जाऊन गाडी इंचभर मागे घेतली, परत धावत आले, दांडा ओढला. जबडा उघडला. त्या आवाजासाठी मी देवाला हात जोडलेत, मी, जी देवासमोर बसत नाही.

मी सीटवर येऊन बसले. पिकअप पुढे घेतली. आरशात ट्रेलर आपल्या पायांवर उभा राहिलेला दिसला. तू म्हणालास, "ठोकळे घातलेस ना?"

"हो."

"हं."

ते "हं" हे तू माझ्याशी बोललेलं शेवटचं.

खडीच्या रस्त्यावर मी गाडी जशी पळवली तशी आयुष्यात कधी पळवली नव्हती. टेकडीच्या माथ्यावर फोनला रेंज आली. एकशे अकराला, इथल्या तातडीच्या नंबरला, लावला, स्पीकरवर ठेवला. ती बाई विचारत होती, मी उत्तरं देत होते, रस्त्यावरून नजर काढत नव्हते. मागे तूही तुझा फोन लावला होतास. ईशाशी बोलत होतास. मला सूर ऐकू येत होता, शब्द नाही. त्या बाईचा आवाज मोठा होता.

डांबरी रस्ता लागतो तिथे गावातल्या स्वयंसेवकांची ॲम्ब्युलन्स समोरून आली. त्यांनी तुला खाली घेतलं, गवतावर. बराच वेळ ते तुझ्यावर वाकलेले होते. हेलिकॉप्टर आलं, आणि रिकामंच परत गेलं. त्यांच्यातली एक माझ्या वयाची बाई माझ्या खांद्याभोवती हात टाकून म्हणाली, "यू डिड एव्हरीथिंग राइट, लव्ह." मी तिला विचारणार होते, ट्रेलर सोडवत बसले नसते तर? विचारलं नाही. ती खरं बोलली असती तर?

तेव्हापासून मी तुझ्यावर चिडले होते, सुहास. इतकी की त्या चिडण्यावर मी उभी होते. तुझ्या बहिणीला पुण्याला फोन केला, पेटी निवडली, लोकांचे डबे घेतले, रिकामे धुऊन परत दिले, हे सगळं त्या रागाने केलं. तू माझ्यावर एकदा भरवसा ठेवला असतास तर तेवढा वेळ वाचला असता, एवढं एकच वाक्य डोक्यात. रडू येऊ लागलं की मी ते वाक्य म्हणायचे आणि रडू थांबायचं.

मग तळ्याकाठच्या त्या जागेची देखरेख करणाऱ्या रेंजरचा फोन आला. फार सभ्यपणे म्हणाला की बर्फ पडायच्या आत ट्रेलर हलवावा लागेल. ईशाकडे ट्रकचा परवाना आहे, डेपोत लागतो म्हणून काढलेला. आम्ही दोघी तुझी पिकअप घेऊन गेलो. तिने एका फटक्यात जोडला. मी बाजूला उभी राहून हात दाखवला. कुणी ओरडलं नाही. मला फार विचित्र वाटलं.

निघताना मी घड्याळ पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा किल्ली फिरवतानाही पाहिलं होतं, आणि टेकडीवर पोचल्यावरही. मला तुझ्याशी चाललेलं भांडण जिंकायचं होतं. ईशा चालवणार होती, तरी मी मनात चालवत होते.

ईशा रोज ट्रकवाल्यांमध्ये असते, सुहास. तिला येतं. आणि तिलाही तो रस्ता जड गेला. खडीवर ट्रेलर डुलायचा, ती वेग चालण्याइतका कमी करायची. पुलाच्या तोंडाशी वळण असं की तिने एकदा घेतलं, जमेना. मागे घेतलं, परत घेतलं. मग खाली उतरून कठडा आणि चाक यांच्यातली जागा बघून आली. तिसऱ्यांदा पूल ओलांडला. मी घड्याळ पाहिलं. त्या दिवशी एवढ्या वेळात, सोडवायचा वेळ धरूनही, मी टेकडीवर पोचून फोनवर बोलत होते. आज पुढे अजून अर्धा रस्ता होता.

मी असते तर त्या पुलावरच अडकले असते. मागे घेता आलं नसतं, पुढे नेता आलं नसतं, आणि तू मागच्या सीटवर, रेंज नसलेल्या दरीत.

तू बरोबर होतास. छातीवर हात ठेवून, सिमेंटच्या रंगाचा होऊनसुद्धा तू रस्ता, पूल, वजन आणि मी यांचा हिशोब अचूक केला होतास. वाचणार नव्हतासच बहुधा. पण ईशाशी बोलण्यापुरता टेकडीपर्यंत पोचलास तो त्यामुळेच. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, कुणीतरी पायाखालचं फळकूट काढून घेतलं. सगळं घेऊन गेलास, निदान राग तरी ठेवायचास माझ्याकडे.

टेकडीच्या माथ्यावर पोचल्यावर मी ईशाला गाडी थांबवायला सांगितली. ती म्हणाली, "आई, वॉट आर यू टायमिंग?" मी सांगितलं. सगळंच सांगितलं. पोलिसाला तू काय म्हणालास तेही, ते तिला ठाऊक नव्हतं.

तिने इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "ही रँग मी फ्रॉम हिअर. फ्रॉम द टॉप ऑफ द हिल."

"ठाऊक आहे. काय म्हणाला?"

"ही सेड नॉट टू टेल यू."

"ईशा."

ती मराठी बोलत नाही, तुला माहीत आहे. ऐकते सगळं, उत्तर इंग्रजीत. पण ते तिने मराठीत सांगितलं, तुझ्या शब्दांत, तुझ्या चालीवर, मध्ये मध्ये थांबत, जसा तू थांबला असशील. "तुझ्या आईने एकटीने सोडवला. एकदाही चुकली नाही. मी जोडलेलं इतकं नीट कधी सुटलं नव्हतं." आणि मग हसून म्हणालास म्हणे, "तिला सांगू नकोस. डोक्यावर बसेल."

ईशा रडायला लागली. मी नाही. मी मागच्या सीटकडे वळून बघितलं. ती रुंद सीट, जिच्यावर तू आडवा झाला होतास. तिथून चालवणाऱ्याच्या खांद्याला हात लागतो. मी नंतर बसून पाहिलं.

बारा हजार किलोमीटर लांबून इथे येऊन आपण दोघांनी घर मांडलं, आणि ते वाक्य तू ऑकलंडला फोन करून सांगितलंस. मी समोरच होते, सुहास. गाडी मीच चालवत होते.